मोटारीचा उत्प्रेरक आणि आपला खिसा



ज्यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ आपल्या शाळेत हे व्याख्यान योजिले जाते, त्या सरांचा मी विद्यार्थी. रसायनशास्त्र हा पुढे माझ्या पोटापाण्याचा व्यवसाय झाला, त्याचे मूळ शाळेच्या प्रयोगशाळेतील एका दुपारी आहे. पोटॅशियम क्लोरेट तापवून ऑक्सिजन मिळविण्याचा प्रयोग होता. त्यात मिसळावयाची मँगनीज डायऑक्साइडची काळी पूड सरांनी आम्हांला आधी तोलून घ्यायला लावली. वायू जमा झाला, विझत आलेली काडी त्यात धरताच भडकली, आणि आमच्या दृष्टीने प्रयोग संपला. सरांच्या दृष्टीने तो तेव्हा कुठे सुरू झाला होता. परीक्षानळीत उरलेले सारे पाण्यात विरघळवून, गाळून, वाळवून ती पूड दुसऱ्या दिवशी पुन्हा तराजूत घालावी, असा त्यांचा हुकूम होता. वजन जवळजवळ पहिल्याइतकेच भरले. माझ्या गटाचे थोडे कमी आले, तेव्हा सर म्हणाले, "उरलेलं रसायनशास्त्रानं नाही खाल्लं, तुझ्या गाळणकागदानं खाल्लं." उत्प्रेरक क्रिया घडवून आणतो, पण स्वतः खर्च होत नाही, हे वाक्य त्या दिवशी पाठ झाले ते कायमचे.

या वाक्यावर माझी इतकी श्रद्धा होती की त्यापायी मला गेल्या वर्षी बरेच पैसे मोजावे लागले. आजचा विषय त्यातूनच निघाला आहे. मोटारीच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जास्तीचा खर्च करावा का, आणि करावयाचा तर कशावर, हा तो विषय. स्मृतिव्याख्यानाला तो जरा रस्त्यावरचा वाटेल. परंतु सरांना रस्त्यावरचे प्रश्न वर्ज्य नव्हते.

हकिकत अशी. माझी पेट्रोलची लहान मोटार २०१७ च्या उत्तरार्धात घेतलेली आहे. त्याच वर्षीच्या १ एप्रिलपासून बी.एस.-४ हे प्रदूषणमान सबंध देशात लागू झाले होते, म्हणजे मोटार त्या मानाची. गेल्या वर्षी पाटीवरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला. गाडी किंचित थरथरत होती, पण चालत होती. माझे फिरणे ते किती? सिंहपुरीतून फ्रीगंज, फार तर देवास गेट. तीन महिने मी तो दिवा पाहून न पाहिल्यासारखे केले. पुढे चढावर गाडी दमू लागली, तेव्हा एका गॅरेजमध्ये नेली. तेथे यंत्र जोडून त्यांनी दोषाचा सांकेतिक क्रमांक वाचला, पी-०४२०. कन्व्हर्टरची कार्यक्षमता ठरलेल्या मर्यादेखाली गेली आहे, असा त्याचा अर्थ. मग तीन पर्याय माझ्यापुढे मांडण्यात आले. कंपनीचा मूळ सुटा भाग घ्यावयाचा तर ३८ हजार रुपये. 'अपग्रेड', म्हणजे नव्या बी.एस.-६ दर्जाचा, अधिक धातू असलेला, 'पिकअप वाढवणारा' असा, ५५ हजार. आणि तिसरा पर्याय आवाज खाली आणून सांगितला गेला. डबा कापून आतले काढून टाकायचे, नळी सरळ जोडायची, दिवा विझवण्याची युक्ती करायची. खर्च ३ हजार, आणि जुन्या डब्याचे ६ हजार मलाच मिळणार! प्रदूषणाचे प्रमाणपत्र? "त्याची काळजी करू नका."

आठ वर्षांच्या गाडीवर ५५ हजार घालण्यापेक्षा उलट ३ हजार पदरात पडत असतील, तर निवृत्त माणसाचे मन कोठे झुकेल, हे मी आपणांस सांगण्याची गरज नाही. मी "विचार करून सांगतो" म्हणून परतलो. विचार करताना प्रथम हा डबा करतो काय, येथूनच सुरुवात करणे भाग होते.

पेट्रोल म्हणजे कार्बन आणि हायड्रोजन यांची संयुगे. ती पूर्ण जळाली तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ एवढेच उरावे. पण इंजिनाच्या सिलिंडरात जळण्याला क्षणाचा काही अंशच मिळतो. म्हणून अर्धवट जळालेला कार्बन मोनॉक्साइड आणि न जळालेली हायड्रोकार्बने बाहेर पडतात. शिवाय तेथील उष्णता इतकी प्रखर की एरवी निरुपद्रवी असलेला हवेतला नायट्रोजनही ऑक्सिजनशी संयोग पावतो. अशी तीन विषे झाली. पहिल्या दोघांना ऑक्सिजन द्यावयाचा आहे, तर तिसऱ्याकडून तो काढून घ्यावयाचा आहे. ही परस्परविरुद्ध कामे एकाच डब्यात व्हावीत, यात या यंत्राची सारी करामत आहे.

डब्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखा चिनी मातीच्या जातीचा एक ठोकळा असतो. त्याच्या तोंडाशी एका चौरस इंचात चारशे किंवा त्याहूनही अधिक बारीक नळ्या उघडतात. नळ्यांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खडबडीत लेप असून त्या लेपात प्लॅटिनम, पॅलॅडियम आणि ऱ्होडियम या धातूंचे अतिसूक्ष्म कण विखुरलेले असतात. सारे मिळून काही ग्रॅमच. ऱ्होडियम नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा ऑक्सिजन सोडवतो. प्लॅटिनम व पॅलॅडियम उरलेल्या दोघांना जाळतात. लेपात सेरियमचे ऑक्साइडही असते. ते ऑक्सिजन जादा झाला तर साठवते आणि कमी पडला तर सोडते, जणू घरातला धान्याचा कणगा. मात्र हे सर्व जुळण्यासाठी हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण फार काटेकोर लागते. शुद्ध पेट्रोलसाठी ते वजनाने १४.७ ला १ असे आहे. इथेनॉल मिसळले की थोडे खाली येते. हे प्रमाण सांभाळण्यासाठी धुराच्या वाटेवर ऑक्सिजन मोजणारा संवेदक बसवलेला असतो. दुसरा संवेदक डब्याच्या पलीकडे असतो आणि तो डब्यावर पाळत ठेवतो. माझा दिवा लावला तो या दुसऱ्याने.

या यंत्राचा इतिहासही बोधक आहे. यूजीन हूद्री या फ्रेंच अभियंत्याने अमेरिकेत स्थायिक झाल्यावर १९५० च्या दशकात असे परिवर्तक बनविले. पण त्या काळी पेट्रोलमध्ये शिसे मिसळत, आणि शिशाचा थर बसताच प्लॅटिनम निकामी होई. म्हणजे औषध तयार होते, पण पथ्य पाळले जात नव्हते. अमेरिकेत १९७५ सालच्या मोटारींपासून परिवर्तक सर्रास आले ते शिसेविरहित पेट्रोल पंपावर आल्यानंतरच. आपल्या देशात १ एप्रिल १९९५ पासून चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला. शिसेविरहित पेट्रोल मात्र देशभर सर्वत्र मिळू लागले ते १ फेब्रुवारी २००० पासून. मधल्या पाच वर्षांत मुंबई-दिल्लीची नवी मोटार घेऊन आडवाटेला गेलेल्या माणसाने शिशाचे पेट्रोल भरले असेल, तर त्याने आपल्या हाताने त्या पोळ्याला विष पाजले. पुढे डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २००२ साली इंधन आणि वाहन यांची प्रदूषणमाने हातात हात घालून कशी चढवावीत, याचा आराखडा दिला. एका गोमंतकीय मराठी रसायन अभियंत्याने हे सूत्र आखून द्यावे, याचे मला नेहमीच कौतुक वाटत आले आहे. पेट्रोलमधील गंधक बी.एस.-२ च्या काळी दहा लाख भागांत ५०० होते. ते १५० झाले, मग ५० आणि १ एप्रिल २०२० पासून, बी.एस.-६ बरोबर, केवळ १० उरले.

आता 'अपग्रेड'कडे वळू. बी.एस.-६ हा शब्द ऐकला की ग्राहकाला वाटते, आपली जुनी गाडी मळकट आणि नवी स्वच्छ. आकडे काय सांगतात? पेट्रोल मोटारीसाठी बी.एस.-४ ची मर्यादा दर किलोमीटरला कार्बन मोनॉक्साइड १.०० ग्रॅम, हायड्रोकार्बने ०.१० ग्रॅम आणि नायट्रोजनची ऑक्साइडे ०.०८ ग्रॅम अशी आहे. बी.एस.-६ मध्ये पहिल्या दोन मर्यादा तशाच राहिल्या, आणि तिसरी ०.०६ वर आली. मोठी झेप घेतली ती डिझेलने. तेथे ०.२५ चे ०.०८ झाले. पेट्रोलच्या बाबतीत नव्या मानाचा भर गाडी रस्त्यावर स्वतःची तपासणी किती कसून करते यावर अधिक आहे.

वर्षाला ८ हजार किलोमीटर चालणारी गाडी धरू. अपग्रेडने तिला खरोखरच बी.एस.-६ ची मर्यादा गाठून दिली, असे मानले तरी वर्षाला वाचतील १६० ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइडे. आणि हेही मानण्यापुरतेच. कारण नव्या गाडीचा स्वच्छपणा एकट्या डब्यात नसतो. तो संगणकाच्या आज्ञावलीत, इंधन फवारणाऱ्या तोट्यांत आणि संवेदकांत वाटलेला असतो. जुन्या इंजिनाला नव्या इंजिनाचा डबा लावणे म्हणजे सुनेच्या मापाचे पोलके सासूला शिवून देण्यासारखे आहे. कापड कितीही भारी असो!

'पिकअप'चेही तसेच. शर्यतीचे शौकीन कमी नळ्यांचा, धातूच्या पत्र्याचा परिवर्तक बसवतात. त्याने धुराची वाट मोकळी होते आणि इंजिनाच्या शक्तीत अल्पशी भर पडते. पण नळ्या कमी म्हणजे धातूला धुराचा स्पर्श कमी, म्हणजे सफाईही कमी. नावात बढती असली तरी कामात ती पदावनती ठरते. पेट्रोलची बचत होईल, हेही खरे नव्हे. जुना डबा तुंबलेला असेल तर तो बदलल्यावर गाडी हलकी चालते. डबा धड असेल तर नव्याने मैलाचा फरक पडत नाही. तेव्हा धडधाकट गाडीवर अपग्रेडचा खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत झाले. कार्ब्युरेटरच्या काळातल्या पद्मिनी-अँबेसिडरला हौसेने कन्व्हर्टर लावणाऱ्यांनाही मी हेच सांगेन. हवा-इंधनाचे प्रमाण सांभाळणारा संवेदक नसताना तो डबा आपले पूर्ण काम करू शकत नाही. (डिझेल गाड्यांची धूर-यंत्रणा निराळी असते. तिच्यात आज शिरत नाही.)

पण माझा डबा धडधाकट नव्हता. म्हणून मी दुसरे मत घेण्याचे ठरविले. देवास रस्त्याला आपल्याच शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचे छोटे गॅरेज आहे. तो माझ्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. त्याने आधी डब्यावर रबरी हातोडीने हलकेच ठोकून पाहिले. आतून फुटक्या कौलासारखा खुळखुळ आवाज आला. मग तो म्हणाला, "काका, हा मेलाय तर खरं. पण याला मारलं कोणी ते आधी बघू. नाहीतर नवाही सहा महिन्यांत मरेल."

मला एकदम प्रयोगशाळेतला तराजू आठवला. उत्प्रेरक संपत नाही, हे सरांनी सिद्ध करून दाखविले होते. तो मरत नाही, असे त्यांनी कधीच म्हटले नव्हते.

उत्प्रेरकाला मरण अनेक वाटांनी येते. शिशाची वाट बंद झाली. पण इंजिन ऑइल जळत असेल तर त्यातील फॉस्फरस व जस्त धातूच्या कणांवर साचतात. चुकीचा सिलिकॉनचा लेप वापरून जोड सांधला असेल, तर सिलिकॉन तेच करते. तिसरी वाट आगीची, आणि ती माझी होती. चारांपैकी एका सिलिंडरची ठिणगी देणारी इग्निशन कॉइल अधूनमधून दगा देत होती. गाडीची ती किंचित थरथर हीच. ठिणगी न पडलेले पेट्रोल हवेसकट जसेच्या तसे धुराच्या वाटेने जाई आणि आधीच तापलेल्या पोळ्यावर जाऊन जळे. एरवी चारशे ते आठशे अंशांत काम करणारा तो ठोकळा अशा वेळी हजार अंशांपलीकडे जातो. धातूचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळतात, मोठे गोळे होतात. वजन तेवढेच, पण पृष्ठभाग गेला. पुढे ठोकळाच तडकतो, वितळतो, वाट तुंबते. सरांच्या तराजूत घातला असता तर माझा उत्प्रेरक पूर्ण वजनाचा भरला असता, आणि तरीही तो मेलेला होता. अडीच हजारांच्या कॉइलसाठी मी तीन महिने कुचराई केली आणि ३८ हजारांचा भाग जाळला. दिवा मला सांगत होता. मी ऐकले नाही.

म्हणून खर्च करण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या स्वस्त आहेत आणि त्या आग्रहाने करून घ्याव्यात. पी-०४२० दिसला म्हणजे डबा गेलाच, असे नव्हे. संवेदकापुढे धुराच्या नळीचा जोड गळत असला तरी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि संवेदक फसतो. संवेदकच म्हातारा झालेला असू शकतो. ठिणगी, ऑइलची घट, नळीचे सांधे आणि दोन्ही संवेदकांचे आलेख एवढे पाहिल्याखेरीज डबा बदलू नये. तपासणारा माणूस प्रथम डब्याची किंमत सांगू लागला, तर मी दुसरा माणूस शोधतो. अमेरिकेत कन्व्हर्टरला ८ वर्षे किंवा ८० हजार मैलांची हमी कायद्यानेच द्यावी लागते. एवढे आयुष्य त्याला सहज असते, असा त्याचा अर्थ. त्याआधी गेला, तर मारेकरी शोधलाच पाहिजे.

आता तो तिसरा, कुजबुजीचा पर्याय. पोकळ डब्याच्या गाडीला प्रमाणपत्र कसे मिळत असेल, याचा मी शोध घेतला. बी.एस.-४ व पुढील पेट्रोल मोटारींना मंद गतीवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बने दहा लाखांत २०० भाग, ही मर्यादा आहे. प्रामाणिकपणे नळी घालून मोजले तर पोकळ डबा बहुधा सापडतोच. तेव्हा "काळजी करू नका" याचा अर्थ आपण ओळखला असेल. नायट्रोजनची ऑक्साइडे तर या तपासणीत मोजलीच जात नाहीत. कायद्याने अशी गाडी चालविणे हा अपराध आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीने दंडाची मर्यादा दहा हजारांपर्यंत नेली आहे. पण मला अडविले ते दंडाने नव्हे.

माझी गाडी गल्लीत उभी असते. समोरच्या आजी सकाळी ओट्यावर बसून भाजी निवडतात, आणि गाडीची धुराची नळी त्यांच्या ओट्यापासून पाच-सहा हातांवर येते. परिवर्तक सुमारे अडीचशे-तीनशे अंशांपर्यंत तापल्याखेरीज कामाला लागत नाही. म्हणजे सकाळचा पहिला मिनिट-दीड मिनिट धडधाकट गाडीही आपला सगळा धूर जसाच्या तसा ओकते. पोकळ डब्याची गाडी दिवसभर तशीच ओकत राहते. दर किलोमीटरला केवळ ५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साइड जादा जातो, असे धरले तरी ८ हजार किलोमीटरचे ४० किलो होतात. अपग्रेडचे ते १६० ग्रॅम आणि हे ४० किलो! विषे निरनिराळी असल्याने त्यांची सरळ तुलना होत नाही, हे मी जाणतो. तरी पैसा कोठे कामी येतो, हे त्यावरून दिसावे. हा वायू रंगहीन, गंधहीन. तो रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. आजींना तो दिसणार नाही, मलाही नाही. २०२८ च्या सिंहस्थात याच गल्ल्यांतून माणसांचे लोंढे जातील, तेव्हाही तो कोणाला दिसणार नाही.

मी मूळ दर्जाचा, बी.एस.-४ चाच डबा घेतला. आधी कॉइल बदलली, चारही प्लग बदलले, आठवडाभर गाडी चालवून ती थरथरत नाही याची खात्री केली, आणि मगच तो बसविला. बाजारात सात-आठ हजारांतही दिसायला हुबेहूब डबे मिळतात. त्यांत किमती धातूंचा लेप विरळ असतो, आणि काही महिन्यांत दिवा पुन्हा लागतो. तो मोह मी टाळला. मात्र गाडी अगदीच अखेरच्या वर्षा-दोन वर्षांवर आली असती, तर ३८ हजार घालण्याऐवजी ती विकायला किंवा मोडीत काढायला सांगितली असती. पोकळ डब्याने ती शेवटची वर्षे रेटायला मात्र नव्हे.

एक सवयही बदलली. पूर्वी मी सकाळी गाडी सुरू करून गल्लीतच पाच मिनिटे 'तापू' देत असे. ही कार्ब्युरेटरच्या काळची सवय. उभ्या गाडीचा परिवर्तक सावकाश तापतो, आणि तेवढा वेळ धूर ओट्यावर जातो. आता सुरू केली की लगेच, हळू का होईना, निघतो. छत्री चौकापर्यंतच जायचे असेल तर गाडी काढतच नाही. इतक्या छोट्या फेरीत डबा तापेतो घर आलेले असते.

जुन्या डब्याचे ६ हजार मी घेतले नाहीत, याचेही कारण सांगतो. या धातूंच्या मोलामुळे डबे चोरण्याचा एक धंदाच उभा राहिला. गुजरात-महाराष्ट्रात मारुती ईको गाड्यांचे सायलेन्सर रातोरात कापून नेल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. ऱ्होडियमचा भाव २०२१ साली सोन्याच्या कित्येक पट चढला होता, पुढे उतरला. पावतीविना डबा विकत घेणारा माणूस उद्या कोणाचा डबा विकत घेईल, ते मला ठाऊक नाही. म्हणून तो घरी आणला, आणि आज येथे आणला आहे.

विज्ञानाच्या शिक्षकांच्या सोयीसाठी तो मधोमध कापून काचेच्या पेटीत बंद करून टेबलावर ठेवला आहे. एका बाजूची पोळ्याची रचना अजून शाबूत आहे. दुसऱ्या बाजूला वितळून गोठलेला काचेसारखा गोळा दिसेल. व्याख्यानानंतर मुलांनी तो जरूर पाहावा, पण पेटी उघडू नये. ठोकळ्याभोवतीच्या गादीचे तंतू व भुकटी फुफ्फुसाला चांगली नव्हे. शेजारी शाळेचा जुना तराजू ठेवला आहे. तो त्याच प्रयोगशाळेतला आहे.